मैमुनाचे रोजे

उमरग्याची पोरगी शास्त्रज्ञ झाली म्हटल्यावर सत्कार चुकत नाही. शाल असते, नारळ असतो, आणि फेटा एकदा डोक्यावर चढला की फोटो होईपर्यंत कुणी सोडू देत नाही. जैनोद्दीन बेकरीवाल्याची तहरीम हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिचं नाव पेपरात आलं आणि तिचे शाळेतले विज्ञानाचे मास्तर, योगीराज सर, बेकरीत येऊन बसले ते तारीख घेऊनच उठले.

"आणि भाभींना आणायचं बरं का," जाता जाता ते जैनोद्दीनला म्हणाले. "आईचाबी सत्कार करायचाय. आईशिवाय पोरगी शिकती व्हय?"

जैनोद्दीन हो म्हणाला खरा, पण बायको येईल याची त्याला खात्री नव्हती. मैमुना चार माणसांत जायला तयार नसे. लग्न, बारसं, मयतानंतरची जियारत, कुठं जावंच लागलं तर जाई, सगळ्यांना भेटे, पण ताटावर बसत नसे. "रोजा हाय माझा," असं हळू आवाजात सांगे आणि बाजूला बसून राही. रमजानचे रोजे सगळेच धरतात. मैमुना त्याखेरीज वर्षभर आपखुशीचे रोजे धरते, अशी तिची गल्लीत ख्याती होती. अशा बाईनं रोजा सोडताना मागितलेली दुवा वाया जात नाही, असं बायका मानत. त्यामुळं सांजच्याला तिच्या दारात कुणी ना कुणी येई. शेजारची कडूबाई तर हिंदू, पण तिच्या लेकीचं, अर्पिताचं, पोट दोनदा पडलं तेव्हा तीही येऊन बसली होती. "तुमच्या देवाला सांगा भाभी, माझा देव लई दमला." मैमुनानं तिच्यासमोर हात वर करून दुवा मागितली होती. पुढं अर्पिताला मुलगी झाली आणि पेढ्यांचा पहिला पुडा मैमुनाच्या घरी आला.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती घरात दोघांनाच ठाऊक होती, जैनोद्दीनला आणि तहरीमला. मैमुनाच्या मोठ्या आतड्याला कायमची सूज होती. अन्न पोटात गेलं की थोड्याच वेळात धावावं लागे, कधी रक्तही पडे. सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा जन्माचा सोबती आहे असंही सांगितलं. परक्या घरी, पाहुण्यांच्या गर्दीत, शौचाला कुठं पळायचं? म्हणून मैमुना उपाशी जाई आणि उपाशी येई. आणि उपाशी का, असं विचारलं की रोज्याचं नाव घेई, कारण रोजा म्हटलं की पुढं कुणी आग्रह करत नाही. रमजानचे रोजे ती जमतील तसे खरेच धरायची. बाकीचे सगळे खोटे.

तहरीम या खोट्यातली भागीदार होती. लहान असताना लग्नघरी पोचलं की तिचं काम ठरलेलं असे. बाकीची पोरं मंडपात हुंदडत, ही परकर सावरत घराच्या मागं जाई. संडास कुठं आहे, कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, वाटेत पुरुषमंडळी तर बसलेली नाहीत ना, हे सगळं बघून येऊन आईच्या कानात सांगे. मग मैमुनाचा जीव भांड्यात पडे. गरज लागो न लागो, रस्ता माहीत असला की पुरे. तहरीम पोटाच्या आजारांकडं वळली ती उगीच नव्हे. बारावीला असतानाच तिनं आईला सांगितलं होतं, "अम्मा, तुमच्या पोटावर मीच औषध काढते की नाही बघा." त्यांचं आपसातलं बोलणं दखनीत चाले, इथं मराठीतच सांगितलेलं बरं.

सत्काराला मैमुना आली. लेकीनं हट्ट धरला म्हणून आली. आदल्या रात्रीपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. सभागृहात बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत तिला बसवलं, अंगावर शाल घातली, फोटोसाठी नकाब वर करायला लावला. तीही हसली. कडूबाई तिच्या शेजारीच होती आणि फोटोत आपण येतोय ना, याकडं तिचं नीट लक्ष होतं.

मग तहरीम बोलायला उभी राहिली. तिनं भाषणाची तयारी चांगली केली होती, पण प्रोजेक्टर काही चालेना. कुणीतरी वायर हलवली, कुणीतरी टेबलाला धक्का दिला, पडदा निळाच. शेवटी ती तशीच बोलू लागली.

"माझे अब्बा पिठात खमीर घालतात आणि पाव फुगतो, हे तुम्ही सगळ्यांनी खाऊन बघितलंय," ती म्हणाली. "त्या खमिराच्या भावकीतलंच एक खमीर आम्ही प्रयोगशाळेत घेतलं आणि त्याच्या जनुकांत बदल केला. आता ते पोटात गेलं की आतड्याला सूज कुठं आहे ते ओळखतं आणि तिथंच, लागेल तेवढंच औषध सोडतं. सूज उतरली की गप्प बसतं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. सूज आली की चांगले जंतू मरतात आणि वाईट माजतात. हे खमीर त्यांची घडी पुन्हा बसवतं."

समोर जांभया सुरू झाल्या होत्या. मागच्या रांगेत मोबाईल निघाले. योगीराज सर तेवढे मान डोलवत होते, पण ते कशालाही मान डोलवत. आपलं बोलणं कुणाला कळत नाहीये, हे तहरीमला जाणवलं. चार वर्षांचं काम, आणि आपल्याच गावाला त्याचं काही नाही! तेव्हा तिच्या तोंडून गेलं, "हे मी कुणासाठी केलं माहितंय? माझ्या आईसाठी."

माना वर झाल्या. मोबाईल खाली गेले.

इथंच थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण माणसं ऐकू लागली की बोलणाऱ्याला चढते. तिनं आईचं पोट सांगितलं. लग्नघरी आपण संडास शोधायला कसं पळायचो ते सांगितलं, अगदी परकर सावरण्याची नक्कल करून, आणि सभागृह हसलं. ते हसणं तिला गोड लागलं. आणखी एक हसू मिळावं म्हणून ती म्हणाली, "आणि जेवायला बसा म्हटलं की अम्मा काय सांगायची? रोजा आहे! तुम्हाला वाटायचं बाई किती धार्मिक. अहो, रोजा कसला, संडास लांब होता!"

सभागृह हशानं दणाणलं. टाळ्या पडल्या. तहरीमही हसली आणि हसता हसता तिचं लक्ष पहिल्या रांगेकडं गेलं. मैमुना अजून हसत होती, पण ते हसू फोटोपासून तसंच राहून गेलेलं होतं, कुणी काढायला विसरल्यासारखं. तिनं हळूच हात वर नेला आणि नकाब खाली घेतला.

तहरीमनं जीभ चावली. पण भाषण अर्ध्यात सोडता येत नाही, म्हणून ते तिनं पुढं रेटलं. ही आजारपणं लपवू नका, यात लाजण्यासारखं काही नाही, वेळेवर डॉक्टरला दाखवा, असं सगळं ती बोलली. ते सगळं खरंही होतं. मग योगीराज सर आभाराला उठले. "अशा मातेला आपण सगळ्यांनी उभं राहून मानवंदना दिली पाहिजे," ते भरल्या आवाजात म्हणाले. "भाभी, जरा उठून उभ्या ऱ्हावा." मैमुना उभी राहिली. तिच्याकडं तोंड करून सबंध सभागृहानं टाळ्या वाजवल्या आणि त्या संपेपर्यंत बसावं कसं, हे तिला समजेना.

कार्यक्रम झाल्यावर तहरीमभोवती बायकांचा गराडा पडला. कुणाच्या नवऱ्याचं पोट, कुणाच्या सुनेचं, एका म्हातारीनं तर स्वतःचं सगळं तिथंच सांगून टाकलं. मी म्हटलं तेच खरं, तहरीम मनाला समजावू लागली. कुणीतरी तोंड उघडायलाच हवं होतं. पण मान वळवून आईला शोधायची तिची हिंमत होईना.

घरी आल्यावर मैमुनानं शालीची घडी केली आणि कपाटात ठेवली. चहा टाकला. तहरीमच आधी बोलली.

"अम्मा, चुकले मी. आजाराचं असं सगळ्यांपुढं सांगायला नको होतं."

"पोटाचं सांगितलंस ते सांगितलंस," मैमुना चहाकडं बघत म्हणाली. "पोट काय, सगळ्यांनाच असतं. रोज्याचं कशाला सांगितलंस?"

लोक हसावेत म्हणून, हे उत्तर होतं, पण ते आईला कसं द्यायचं?

"कडूबाईनं माझ्यापाशी दुवा मागितली होती," मैमुना म्हणाली. "माझ्या शेजारीच बसली होती ती. तू बोललीस तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. नीट समोर बघत राहिली." मग तिनं विचारलं, "आणि ते तुझं खमीर? मला कधी मिळायचं?"

"अजून उंदरांवरच चाललंय, अम्मा. माणसांना द्यायला परवानग्या लागतात. वर्षं जातील."

"उंदरांना गुण आला का?"

"आला."

"चला, कुणाला तरी आला," मैमुना म्हणाली आणि कपात चहा गाळला. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच बरं वाटलं होतं, आणि म्हणूनच ते तहरीमच्या जिव्हारी लागलं.

भाषणाची चित्रफीत आठवडाभर उमरग्याच्या मोबाईलांवर फिरली. त्यातला नेमका रोज्याचा तुकडा कुणीतरी कापून वेगळा केला होता. बेकरीत पाव घ्यायला आलेली माणसं जैनोद्दीनला म्हणत, "काय चाचा, आज भाभींचा रोजा का?" आणि तो गरीब माणूस हसून पाव बांधून देई. सांजच्याला दारात येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. कुणी भांडलं नाही, कुणी बोल लावला नाही. नुसत्या आल्या नाहीत. हे सगळं तहरीमला हैदराबादला फोनवर थोडं थोडं कळे. सूक्ष्मदर्शकाखाली खमिराचे गोल दाणे बघताना तिला आईचा नकाबाकडं वर जाणारा हात दिसे आणि एकटीच असली तरी तिचे कान तापत. नवीन माणसानं कामाबद्दल विचारलं तर ती आता आईचं नावही काढत नसे.

मे महिन्यात माकणीला सैफचं लग्न निघालं. सैफ म्हणजे जैनोद्दीनच्या भावाचा मुलगा. निकाह रविवारी आणि वलीम्याचं जेवण सोमवारी. तहरीमला रविवारी प्रयोग अर्धा टाकून येता आलं नाही. ती सोमवारी सकाळी उमरग्याला उतरली आणि तडक बेकरीत गेली. जैनोद्दीननं तिला बसायला स्टूल दिलं, पुढ्यात गरम खारी ठेवली, आणि भट्टीकडं तोंड करून म्हणाला, "तुझ्या अम्माला जरा सांग. माझं ऐकत न्हाय ती."

"काय झालं?"

"सोमवारी आणि गुरवारी रोजे धरती. खरे. पहाटं उठून सहरी करती, भाकरीचा कुस्करा आन् पाणी. मग दिवसभर पाण्याचा थेंब न्हाय. या उन्हात! दुपारची गोळीबी राहती. आजबी रोजा हाय तिचा."

तहरीम खारी तशीच ठेवून घरी गेली. मैमुना निघायच्या तयारीत होती, नव्या साडीवर बुरखा चढवत होती. तिचे ओठ सुकलेले होते आणि गालफडं बसली होती.

"अम्मा, हे काय चालवलंय? गोळी चुकवून चालत नाही. आतडं पुन्हा सुजेल. आणि खोट्या रोज्याची भरपाई असं काही नसतं, कुणालाही विचारा."

"कुणाला विचारू? विचारायचं तर सांगावं लागंल. आता सगळ्यांना ठाऊक हाय म्हणा, तरी माझ्या तोंडानं न्हाय सांगवत." मैमुनानं बुरख्याची बटणं लावली. "मी त्या वरच्याच्या नावावर खोटं बोलले, तहरीम. एकदा न्हाय, जवा जवा जेवायला बोलावलं तवा तवा. पोट तेव्हाबी रिकामंच असायचं माझं. रोजा धरायची नियत तेवढी मनात केलेली नसायची. आता करते. जेवढे झेपतील तेवढे फेडीन."

"पण निदान आज तरी नको. वलीमा आहे."

"वलीम्याच्याच दिवशी तर खोटं बोलत होते मी," मैमुना म्हणाली. मग लेकीकडं बघून जरा मऊ आवाजात, "तू मनाला लावून घेऊ नको. तू सांगितलंस म्हणून निदान माझी चूक कळली तरी मला. पण आता हे कुणाला सांगू नको. एवढं तरी तुझ्या पोटात ठेव."

माकणीला निघालेल्या जीपमध्ये कडूबाईही होती, कारण अर्पिता तिथंच दिलेली आणि सैफच्या घरचं तिलाही आवतण होतं. कडूबाई रस्ताभर बोलत होती. नातीला दात आले, धरणाचं पाणी कसं आटलं, सास्तूरच्या बाजारात आंबा कसा महाग. मैमुनाशी ती पूर्वीपेक्षा जास्तच गोड बोलत होती. आजाऱ्याशी बोलतात तशी. तहरीमला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माकणीला पोचल्यावर तहरीमचे पाय सवयीनं घराच्या मागं वळले. मग तिच्या ध्यानात आलं, आज काही बघायची गरज नाही. ती परत फिरून आईजवळ उभी राहिली.

दुपार झाली. मंडपातल्या पंख्यांतून भट्टीसारखी हवा येत होती. हिंदू पाहुण्यांची वेगळी पंगत उठली, कडूबाई पान चघळत हिंडू लागली. मग बायकांच्या जेवणाचा दस्तरखान अंथरला. बगारा खाना आला, दालचा आला, गोड जर्द्याची परात आली. सैफची आई मैमुनाचा हात धरून तिला घेऊन आली, "भाभी, घरचं कार्य हाय. आज न्हाय म्हनायचं न्हाय," आणि तिला मध्यावर बसवलं. तहरीम शेजारी बसली. ताट पुढं आलं. भोवतीच्या बायकांच्या नजरा गुपचूप त्या ताटाकडं वळल्या. आता ही काय सांगते, ते सगळ्यांना बघायचं होतं.

मैमुना ताटाकडं बघत राहिली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. तिला पाणी हवं होतं, हे तहरीमला स्पष्ट दिसत होतं. ज्या बाईनं सगळा जन्म खोटं बोलून निभावलं, ती आज एकदाच खरी होती. निदान आज तिला मान मिळावा. आपण घालवलेला, आपणच परत द्यावा. आईनं काय बजावलं होतं ते तहरीम विसरली.

"अम्माचा रोजा आहे," ती मोठ्यानं म्हणाली.

मग पलीकडच्या एका तरण्या सुनेला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला, आणि तिच्याबरोबर अख्खा दस्तरखान हसला. वाईट मनानं कुणी हसत नव्हतं. तहरीमनं तो जुना विनोद पुन्हा केला, असंच त्यांना वाटलं. एकजण तर म्हणाली, "ही तहरीम म्हंजे लई गमतीची बाई!"

तेच हसणं होतं. सभागृहात जे तिला गोड लागलं होतं, तेच.

"खरंच," तहरीम म्हणाली. "खरंच आहे. मी..." पण तिचा हात मैमुनानं ताटाआड घट्ट दाबला. मैमुनाची बोटं कोरडी आणि गरम होती.

"रोजा न्हाय," मैमुना म्हणाली. आवाज हळू नव्हता, सगळ्यांना जाईल असा होता. "पोट बरं न्हाय माझं. खाल्लं की जावं लागतं. म्हणून बसत न्हाय मी."

हसणं थांबलं. बायकांच्या चेहऱ्यावर कळवळा आला. "मग तसं सांगायचं की भाभी," "आपल्याच माणसांत कसली लाज," अशी बोलणी झाली. सैफच्या आईनं मुकाट्यानं ताट मागं घेतलं. आणि कडूबाई, जी उभ्या उभ्या सगळं ऐकत होती, ती पुढं झाली आणि तिनं मैमुनाला दंडाला धरून अलगद उठवलं.

"चला, मी दाखवते," ती कानात सांगितल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मागं सोय केलीया. कडी हाय, पाणीबी हाय. मी मगाशीच बघून आले तुमच्यासाठी."

मैमुनाला कुठं जायचं नव्हतं. तिच्या पोटात पहाटेच्या भाकरीशिवाय काही नव्हतं. तरी ती उठली, कारण न उठून चालणार नव्हतं, आणि कडूबाईचा हात धरून बायकांच्या रांगेमधून वाट काढत घराच्या मागं निघाली. बायका पाय आखडून घेत तिला जागा करून देत होत्या. कडूबाई तिला जपून नेत होती, चौकटीपाशी "पाय जरा उचला" म्हणत होती. तहरीम बघत राहिली. हे तिचं काम होतं.

"तुझी आई बिचारी," शेजारची बाई म्हणाली आणि तिनं तहरीमच्या ताटात खाना वाढला, वर दालचा घातला. "तू तरी जेव."

नको म्हणावं, तर त्याला कारण काय सांगावं, हे तहरीमला सुचेना. ती जेवली.